होळी ते वळीव : बागकाम वर्ग, रोपविक्री आणि बागभेटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातले हौशी बागकाम करणारे. होळीपासून मेअखेरपर्यंत बागकामाचे वर्ग, एक छोटी रोपविक्री आणि काही बागभेटी असा आमचा उद्योग चालतो. नाव नोंदवताना जो तो तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. आधी वाचलीत तर आमचा घसा वाचेल आणि तुमचा वेळ.

भर उन्हाळ्यात कसले बागकामाचे वर्ग? पावसाळ्यात का नाही घेत?

पावसाळ्यात पुण्यात कोणाचंही झाड जगतं. जास्वंदीची काडी नुसती खोचली तरी फुटते आणि आपला हात लागला की झाड धरतं, असं घरोघरी वाटायला लागतं. हा भ्रम एप्रिलमध्ये उतरतो. पारा अडतीसच्या पुढे जातो आणि आपली हवा मुंबईसारखी दमट नाही, दुपारी ती कोरडी ठणठणीत असते. पानांतून पाणी उडून जातं, त्या वेगानं मुळांना ते ओढता येत नाही. कुंडीतली माती घट्ट असेल, भोक बुजलेलं असेल, कुंडी लहान पडत असेल, तर जुलैत हे सगळं खपून जातं. आता खपत नाही. शिकायला म्हणूनच हा काळ चांगला.

दुसरं कारण सोयीचं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुण्यात मोसमी पाऊस पोचतो. लागवडीचा खरा मुहूर्त तो. तोवर खत मुरलेलं, माती कालवलेली, कुंड्या धुतलेल्या हव्यात. पाल्याचं कंपोस्ट व्हायला दोन-तीन महिने लागतात. पाला मार्चमध्ये भरलात तर जूनमध्ये खत हातात येतं. मेमध्ये भरलात तर मात्र पहिल्या पावसात विकतच्या पिशव्या आणायला धावाल.

थोडक्यात आमचं म्हणणं असं, की या तीन महिन्यांत शिका, बघा, तयारी करा आणि रोपांची खरेदी हात राखून करा. रोपविक्री भरवणाऱ्यांनीच असं म्हणावं हे काहींना विचित्र वाटतं. वाटू दे.

वर्गात नक्की काय शिकवता?

सगळ्यात जास्त वेळ पाण्यावर जातो, आणि लोकांना नेमका तोच भाग कंटाळवाणा वाटतो. 'रोज एक मग घालतो' हे उत्तर आम्ही मान्य करत नाही. बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं. ओल लागली तर थांबायचं, कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घालायचं. सकाळी आठच्या आत घातलेलं उत्तम, नाहीतर ऊन उतरल्यावर. दुपारी माना टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप सावरत असेल, तर ती तहान नव्हे, ते उन्हापासून स्वतःला सांभाळत होतं. अशा झाडावर दुपारी बादली रिकामी करणारे लोकच नंतर 'मूळ कुजलं' म्हणून येतात.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, एक खोड मुद्दाम दाखवतो. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेनं घसरून खाली येतं, तुम्हाला वाटतं झाड पोटभर प्यायलं, आणि मधला गोळा मात्र कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवली की मूळपदावर येते.

मग आच्छादन. मातीवर दोन-तीन इंच सुका पाला, उसाचं पाचट किंवा चिपाडं पसरली की पाणी निम्म्यावर येतं असं आम्ही म्हणत नाही, पण फरक तुम्हाला दोन दिवसांत बोटाला कळेल. त्यानंतर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी कुठे आणि कशी बांधायची ते येतं. पश्चिमेची बाजू आधी झाका, दुपारनंतरचं ऊन सगळ्यात वाईट. आणि बांधा म्हणजे खरंच बांधा. वळवाच्या वाऱ्यात सैल जाळी शेजारच्या सोसायटीत जाते.

छाटणीबद्दल थोडंच शिकवतो, कारण उन्हाळ्यात थोडीच करायची असते. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरची. आता फक्त सुकलेली फुलं आणि वाळक्या काड्या काढायच्या. मोगऱ्याचा एक बहर ओसरला की शेंडे खुडून मूठभर खत घाला, पुढचा बहर येतो.

उन्हाळ्यात पेरता येईल असं काहीच नाही का?

आहे की. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका या सगळ्यांना ऊन मानवतं. पालेभाज्यांत राजगिरा आणि अंबाडी. पुदिना आणि अळू अर्ध्या सावलीत, ओलीत. फुलांत झिनिया, कॉसमॉस, गेलार्डिया, सूर्यफूल आणि चिनी गुलाब. निशिगंधाचे कंदही याच दिवसांत लावतात. पालक, कोथिंबीर आणि टोमॅटोचा हट्ट मात्र सोडा. कोथिंबीर लगेच फुलावर जाते आणि टोमॅटोची फुलं रात्रीही गरम राहायला लागलं की गळतात.

मला काहीच येत नाही. चालेल?

चालेल. थोडं येणाऱ्यांना शिकवणं जास्त अवघड जातं.

फी किती? मुलांना आणता येईल का?

शिकवण्याचे पैसे घेत नाही. माती, कुंडी, बी यांचा खर्च आलेल्यांत वाटून घेतो. मुलांना जरूर आणा. त्यांच्याबरोबर मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारे आईबाबा मात्र आणू नका.

गच्चीवर कुंड्या ठेवल्या की गळती होते, असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात. काय सांगायचं त्यांना?

आधी त्यांचं ऐकून घ्या, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. भिजलेल्या मातीचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. एक घनफूट ओली माती चाळीस किलोच्या पुढे जाते. असे वीस वाफे गच्चीच्या मधोमध मांडले तर स्लॅबला ते कोणी विचारून ठेवलेलं नसतं. वजनदार कुंड्या भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवा. कुंडी जमिनीला टेकवू नका, विटांवर किंवा स्टँडवर उचलून घ्या म्हणजे खालचं पाणी वाळतं आणि झाडूही फिरतो. माती कमी करून त्या जागी मुरलेला पाला वाढवला की वजन बरंच उतरतं. पिंपळ, वड, उंबर यांची आपोआप उगवलेली रोपं दिसताक्षणी काढा, कारण बहुतेक वेळा गळती त्यांच्या मुळांनी होते आणि आळ येतो मोगऱ्यावर.

गच्ची सगळ्यांच्या मालकीची असेल तर सभेत विषय मांडून लेखी परवानगी घ्या. सोसायटीनं ओल्या कचऱ्याचा खतप्रकल्प केला तर महापालिका मिळकतकरात सवलत देते, हा मुद्दा सभेत चांगला चालतो. प्रकल्प नुसता दाखवायला नव्हे, चालू असायला हवा.

सुका पाला कुठून आणायचा?

पुण्यात हा प्रश्न विचारायचं धाडस होतं कसं? फेब्रुवारी ते एप्रिल रस्तोरस्ती पालाच पाला असतो. तुमच्याच सोसायटीच्या झाडणाऱ्या मावशींना सांगा की जाळू नका, पोत्यात भरून ठेवा. पाला जाळायला तसंही बंदी आहे. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे त्यांची गाठ घालून देणारी 'ब्राऊन लीफ' ही चळवळ पुण्यातच सुरू झाली, तिचाही उपयोग होतो. पाला ओला करून, मध्ये थोडं शेण किंवा ताकाचं पाणी शिंपडून, दाबून भरा. ओल टिकवा. वाळला तर महिनोन्महिने तसाच बसतो.

रोपविक्रीत काय काय असतं?

मुद्दाम कमी असतं. तुळस, गवती चहा, पुदिना, अडुळसा, कोरफड, ब्रह्मी. फुलांत मोगरा, सदाफुली, अडेनियम, बोगनवेल. बोगनवेल आणि अडेनियमला उन्हाळा आवडतो, त्यामुळे ही दोन आत्ता बिनधास्त घ्या. बोगनवेलीला पाणी थोडं कमी पडलं तर ती जास्त फुलते. लोक लाडानं रोज पाणी घालतात आणि मग नुसती पानं येतात म्हणून तक्रार करतात. शिवाय भाज्यांची रोपं, घरी धरलेलं बी आणि मे फ्लॉवरचे कंद. बहुतेक रोपं गटातल्या लोकांच्याच गच्च्यांवर वाढलेली असतात, म्हणजे पुण्याचं ऊन खाल्लेली. हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

फर्न, कॅलेथिया, ऑर्किड, हायड्रेंजिया आम्ही ठेवत नाही. मागणी असते, पण एप्रिलमध्ये ती विकणं म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणं.

नर्सरीतून आणलेलं टवटवीत झाड आठ दिवसांत माना का टाकतं?

नर्सरीवाला फसवतो असं नेहमी नसतं. ते रोप जाळीखाली, फवाऱ्याच्या दमट हवेत, शेजारी हजार रोपांच्या गर्दीत वाढलेलं असतं. तुम्ही ते गाडीच्या डिकीत घालून, सिग्नलवर तापवत आणून एकदम चौथ्या मजल्याच्या पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवता. कोकणातून आलेल्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी दुपारी पर्वती चढायला लावावी, तसलं हे.

आणलेलं रोप पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग सकाळचं कोवळं ऊन, मग पुढचं. आणल्या आणल्या कुंडी बदलू नका. एप्रिल-मेमध्ये तर अगदीच नाइलाज असल्याशिवाय नको, जूनमध्ये बदला. बदलाल तेव्हा एक गोष्ट बघा. पिशवीतला गोळा पुष्कळदा घट्ट लाल मातीचा असतो आणि तुमचं मिश्रण भुसभुशीत असतं. पाणी सोपी वाट धरतं, बाहेरचं सगळं भिजतं आणि गोळा तसाच कोरडा राहतो. गोळा आधी पाण्यात भिजवून बाहेरची माती बोटांनी हलक्या हातानं सैल करा, मुळं न तोडता.

आम्हाला तुमच्याकडची मोजकी रोपं नकोत, भरपूर बघायचंय. कुठे जावं?

सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनकडे जा. तिथे रोपवाटिकांची रांगच आहे आणि शहरातल्या बऱ्याच नर्सऱ्यांचा मालही त्याच बाजूनं येतो. एक-दोन कुंड्यांसाठी एवढं पेट्रोल जाळणं परवडत नाही, चार घरांनी मिळून जावं. शहरात मुंढवा, सिंहगड रस्ता या बाजूंना नर्सऱ्या आहेत. एम्प्रेस गार्डनमध्येही रोपवाटिका आहे, त्यामुळे बाग बघणं आणि खरेदी एका फेरीत होतं.

रोप निवडताना फुलं मोजू नका. पानं उलटी करून बघा. मागच्या बाजूला बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके असतील तर ती लाल कोळी, कोरड्या हवेत ती झपाट्यानं पसरते. पेरांमध्ये पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग. दोन्ही घरी आणू नयेत. पिशवीच्या तळातून जाडजूड मुळं बाहेर आली असतील तर रोप फार दिवस पडून आहे. बहरलेल्यापेक्षा कळ्या असलेलं आणि उंचपेक्षा बुटकं, फुटव्यांचं रोप घ्यावं.

घरी आल्यावर कीड दिसली तर?

लाल कोळीला पाण्याचा फवारा पानांच्या खालून, सलग काही दिवस. मिलीबग थोडा असेल तर जुन्या टूथब्रशनं घासून काढा. पुढे लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात. मुंग्यांची वारी दिसली की मिलीबग किंवा मावा जवळपास आहे असं समजा.

तुमच्या रोपविक्रीत घासाघीस चालते का?

नाही.

कुंडीत लावायला आंब्याचं कलम मिळेल का? हापूसच हवा.

आंबा आहे म्हणून एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना आंब्याचं कलम हवं असतं. ते साहजिक आहे आणि वेळ चुकीची आहे. कलम जूनमध्ये घ्या, पाऊस स्थिरावल्यावर लावा.

हापूसचा हट्ट कशाला? हापूसला कोकणची हवा आणि जांभा मानवतो. घाटावर केशर बरा. कुंडीत किंवा ड्रममध्ये लावायचं तर आम्रपाली बघा. दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली ही जात आटोपशीर वाढते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची रत्ना ही नीलम आणि हापूसच्या संकरातली, तिच्यात हापूसची थोडी हौस भागते.

घेताना कलमाचा सांधा डोळ्यांनी बघा. बुंध्यावर वीतभर उंचीवर तिरकस जोड दिसला पाहिजे. त्याच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा रायवळ खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या गावठी झाडाचा असतो, तो ताबडतोब खुडायचा. न खुडणाऱ्यांच्या कुंडीत तीन वर्षांनी भलताच आंबा उभा राहतो आणि ते नर्सरीवाल्याला शिव्या घालतात. पहिल्या वर्षी मोहोर आला तर तोही खुडा. हे सांगितलं की निम्मे लोक ऐकत नाहीत, आम्हाला ठाऊक आहे.

बागभेटींना कुठे नेता?

दोन प्रकार असतात, मोठ्या सार्वजनिक बागा आणि लोकांच्या गच्च्या.

एम्प्रेस बोटॅनिकल गार्डन पहिलं. रेसकोर्सशेजारी ३९ एकरांवर पसरलेली ही बाग 'अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' चालवते आणि ती संस्था १८३० ची आहे. बहुतेक पुणेकर जानेवारीत पुष्पप्रदर्शनाला तिथे जातात, गर्दीत फोटो काढतात आणि परत येतात. एप्रिलच्या सकाळी जाऊन बघा. प्रदर्शनातली फुलं नसतात, पण जुने वृक्ष आणि झाडांवर चढलेल्या प्रचंड वेली निवांत बघता येतात, आणि बाहेरच्या रस्त्यापेक्षा आत हवा किती थंड आहे ते अंगाला कळतं. झाडाच्या सावलीबद्दल आम्ही वर्गात जे तासभर बोलतो, ते तिथे पाच मिनिटांत पटतं.

गणेशखिंडची बाग त्याहून वेगळी. १८७३ सालची ही वनस्पती बाग आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फळसंशोधन केंद्राकडे आहे आणि २०२० मध्ये राज्य सरकारनं तिला जैवविविधता वारसास्थळ घोषित केलं. आंब्याची म्हातारी झाडं बघायची तर तिथे. ही काही फिरायची बाग नव्हे, तिथे आधी परवानगी घेऊन, गट करूनच जावं. जवळच पुणे विद्यापीठाचा परिसर आहे. मोठे वृक्ष ओळखायला शिकायचं तर पुण्यात त्याच्याइतकी सोयीची जागा नाही.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर दहा एकरांत केलं आहे. तिथे लोकांना फुलं कमी दिसतात म्हणून ते हिरमुसतात. तिथे फुलं बघायचीच नसतात. पाणी, दगड, गवत आणि छाटलेली झुडपं यांनी जागा मोठी कशी भासवली आहे ते बघायचं. छोट्या अंगणाला हे शिक्षण फार उपयोगी पडतं. दुपारी बाग बंद असते, आणि शक्यतो दुचाकीनं या.

कोणत्या महिन्यात काय फुललेलं दिसेल?

फाल्गुनात टेकड्यांवर पळस, पांगारा आणि काटेसावर. त्याच सुमारास शहरातल्या रस्त्यांवर गुलाबी टॅबेबुया, त्यावर सगळे फोटो काढतात, झाड बाहेरचं आहे. चैत्रात फुलांपेक्षा पालवी बघावी. करंजाची पोपटी, पिंपळाची तांबूस, कुसुंबाची तर लालभडक. नीलमोहरही याच दिवसांत. मग बहावा, एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत पिवळे झुंबर. मेमध्ये गुलमोहर आणि सोनमोहर. मे फ्लॉवरचा लाल चेंडू मातीतून बाहेर येतो तो वळवाचे एक-दोन शिडकावे झाल्यावर.

एकच भेट जमणार असेल तर पालवीची निवडा. बहावा रिक्षातूनही दिसतो.

गच्ची बघायला गेल्यावर एखादी फांदी मागितली तर चालेल?

मागितली तर चालेल. न मागता तोडलेली चालत नाही, आणि ज्यांच्या पर्समधून कात्री निघते त्यांना आम्ही ओळखून आहोत. पण आत्ता फांदी नेऊन करणार काय? या उन्हात दहातल्या दोन फुटल्या तर नशीब. नाव सांगून ठेवा, जुलैत या, यजमान आनंदानं देतील. बी मात्र आत्ता मागा. गोकर्ण, अबोली, शेवगा, घेवडा यांचं बी घरोघरी डब्यांत असतं.

यजमानांकडे पाच मिनिटं आधी पोचू नका आणि दुपारी एक ते चार फोन करू नका. हे पुणं आहे.

आम्ही मेमध्ये पंधरा दिवस गावाला जातो. झाडांचं काय?

शेजारी चांगले असतील तर त्यांना सांगा आणि येताना त्यांना आंबे आणा. नसतील तर सगळ्या कुंड्या सावलीत, भिंतीच्या आडोशाला, एकमेकींना खेटून ठेवा आणि वर पाल्याचा जाड थर द्या. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात न रंगवलेलं लहान मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, झाकण ठेवा. मडकं पाझरतं आणि मुळं त्याच्याकडे येतात. लहान कुंड्यांसाठी बादली थोड्या उंचीवर ठेवून जाड सुती दोरीचं एक टोक बादलीत आणि दुसरं मातीत खोचा. निघायच्या आधी दोन-तीन दिवस करून बघा, कारण कुठली दोरी किती ओढते ते सांगता येत नाही. ठिबकचा टायमर लावणार असाल तर गच्चीवरची टाकी रिकामी झाली तर काय, तेही बघा.

पाणीकपात सुरू झाली की बागेला पाणी घालणं योग्य आहे का?

नळाचं, पाइपनं घातलेलं, नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर आपलं शहर चालतं आणि मेमध्ये त्यांचे आकडे रोज वर्तमानपत्रात येतात. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी, एसीचं पाणी बागेला द्या. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी क्षारांचं असतं. ते रोज एकाच कुंडीला घालू नका, साध्या पाण्यात मिसळून आलटूनपालटून द्या. मातीवर पांढरा थर दिसू लागला की थांबा. एवढ्यात भागत नसेल तर कुंड्या कमी करा. पंचवीस जगवण्यापेक्षा दहा नीट जगवाव्यात.

रस्त्यावरच्या झाडाच्या फांद्यांमुळे माझ्या बाल्कनीत ऊन येत नाही. वर्गात छाटायला शिकवाल का?

नाही. शहरातली झाडं १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली येतात, अगदी तुमच्या आवारातलीसुद्धा. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. आणि एप्रिलमध्ये सावली नको असलेला माणूस आम्ही प्रथमच बघतोय.

वळीव आला तर कार्यक्रम रद्द होतो का?

वर्ग पार्किंगमध्ये सरकतो. बागभेट पुढे ढकलतो, कारण वाऱ्यात जुन्या झाडांखाली उभं राहणं शहाणपणाचं नाही. रोपविक्री दुसऱ्या दिवशी सकाळी.

विक्रीच्या शेवटी उरलेली रोपं स्वस्तात देता का?

दरवर्षी कोणीतरी बरोबर शेवटच्या अर्ध्या तासात येऊन हे विचारतं. देत नाही. उरलेली रोपं आम्ही परत गच्चीवर नेतो आणि जूनमध्ये त्याच किमतीला विकतो. तेव्हा ती जास्त चांगली दिसतात.